एक्सरेवाली व्हायचंय, पण घरी कसं सांगू?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची, सध्या एडिसन, न्यू जर्सी. वय ३९. २००७ साली केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, दोन वर्षं एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये काम केलं, मग लग्न आणि पाठोपाठ नवऱ्याच्या मागे एच-४ व्हिसावर अमेरिका. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ चा. नवऱ्याचं ग्रीन कार्डासाठीचं आय-१४० मंजूर झालं आणि गेल्या वर्षी माझ्या हातात एकदाचं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आलं. आता नोकरी करायची मुभा आहे, पण एवढी मोठी गॅप घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?

परवा कम्युनिटी कॉलेजच्या इन्फो सेशनला जाऊन आले. डेंटल हायजीन (दातांची सफाई), रेस्पिरेटरी केअर (श्वसनाचे उपचार) आणि रेडिओग्राफी (एक्सरे) असे तीन कोर्स डोक्यात घोळताहेत. एक्सेल शीट केली आहे: फी, जागा, पगार, घरापासूनचं अंतर. त्यात डेंटल पहिलं येतं. नवरा म्हणतो, तीन वर्षं घालवण्यापेक्षा आयटीतल्या टीमच्या मीटिंगा चालवणाऱ्या स्क्रम मास्टरचा चार महिन्यांचा कोर्स कर, त्याच्या कलीगच्या बायकोला लागली नोकरी. आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून अमेरिकेत लोकांचे दात घासणार का?"

त्या संध्याकाळी रेडिओग्राफीच्या लॅबमध्ये एक विद्यार्थिनी टेबलावर हात कसा ठेवायचा ते दाखवत होती. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की नवऱ्याचे पार्किंगमधून तीन फोन आले. पण हे काही कारण होऊ शकत नाही ना?

तिन्हींपैकी काय निवडू? माझ्या बी.एस्सी.ला काही किंमत आहे का? या वयात जमेल का? इंग्रजी बोलायची भीती वाटते, ते वेगळंच.

– एडिसनची सांगलीकर


प्रिय सांगलीकर,

तुमच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात करते. हो, ते कारण होऊ शकतं. तीन फोन येईपर्यंत माणूस एखाद्या ठिकाणी उगाच उभं राहत नाही. तुमच्या एक्सेल शीटमध्ये त्याला कॉलम नव्हता, एवढंच.

आता आईंचं. त्यांच्यावर रागावू नका, कारण आमच्या पेशाला मराठीत धड नावच नाही. आपल्याकडच्या हॉस्पिटलात कोण कोण असतं? डॉक्टर, सिस्टर, मामा आणि मावशी. उरलेले सगळे 'वाले': एक्सरेवाला, लॅबवाला. डॉक्टरांच्या दवाखान्यात फार तर कंपाउंडर. 'संलग्न आरोग्य सेवा' असा शब्द सरकारी कागदावर सापडेल, पण तो कुणी तोंडाने उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, वयाच्या ४१व्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात जाऊन झाले. माझे वडील शेवटपर्यंत नातेवाइकांना "ती तिकडे नर्स आहे" असंच सांगत. पहिली दोन वर्षं मी दुरुस्त केलं. मग सोडून दिलं. तुमच्या आईंनाही एका फोनवर पटणार नाही, आणि ते पटवणं हे तुमचं या वर्षीचं काम नाही.

तरी एक गोष्ट त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगते, कारण 'कम्युनिटी कॉलेज' म्हटलं की आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर "चांगल्या ठिकाणी नंबर लागला नाही वाटतं" असा भाव येतो. या पेशांच्या बाबतीत ते मागचं दार नाही, मुख्य दार आहे. रेडिओग्राफरचं राष्ट्रीय प्रमाणपत्र देणाऱ्या एआरआरटी या संस्थेने २०१५ पासून नव्या उमेदवारांना किमान असोसिएट डिग्रीची अट घातली. ती दोन वर्षांची डिग्री द्यायचं काम मुख्यतः कम्युनिटी कॉलेजंच करतात. तुमचा एक्सरे काढणारी, छातीला वाफ देणारी, दात साफ करणारी माणसं बहुतेक तिथूनच आलेली असतात.

तुमच्या शीटमधला पगाराचा कॉलम खोटा नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या २०२३च्या आकड्यांत डेंटल हायजिनिस्टचा मध्यम पगार वर्षाला ८७ हजार डॉलरच्या आसपास, रेस्पिरेटरी थेरपिस्टचा ७८ हजारांच्या जवळ आणि रेडिओग्राफरचा ७३ हजारांच्या आसपास आहे. पण पगाराच्या पलीकडे काय, ते शीट सांगत नाही. हायजिनिस्टची पुष्कळशी कामं अर्धवेळ असतात, आज या दवाखान्यात दोन दिवस, उद्या त्या दवाखान्यात दोन दिवस, आणि अशा नोकरीत घरच्यांचा आरोग्य विमा मिळेलच असं नाही. तुमच्या घरात सध्या विमा नवऱ्याच्या नोकरीवर चालतो ना? मग हा कॉलम वाढवा.

डेंटल हायजीनमधली एक गंमत तुम्हाला सेशनमध्ये कुणी सांगितली नसेल. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थ्यांना पुष्कळदा पेशंट स्वतःच शोधून आणावे लागतात, आणि तेही ठरावीक प्रतीचे: हिरड्यांखाली भरपूर कीटण साचलेले. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी एका विद्यार्थिनीला महाप्रसादाच्या रांगेतून फिरताना पाहिलं आहे. "काका, शेवटचं क्लीनिंग कधी केलं होतं?" काकांनी "इंडियात असताना" म्हटलं की तिचा चेहरा असा उजळायचा की बाप्पाच पावला. शिवाय अवजारांचा संच विद्यार्थ्यालाच विकत घ्यावा लागतो, तो हजारांत जातो. पुढे मान आणि मनगट सांभाळावं लागतं. हे वाईट काम आहे असं अजिबात नाही. बारीक हातकाम आवडणाऱ्या बाईला ते फार छान जमतं, रात्रपाळी नाही, रविवार आपला. पण ते तुम्हाला आवडेल असं तुमच्या पत्रात एका शब्दानेही दिसत नाही. दिसतो तो फक्त आकडा.

रेस्पिरेटरीबद्दल मी बोलायला लागले तर थांबणार नाही, म्हणून एकच प्रसंग. धमनीतल्या रक्ताची तपासणी करायला आम्ही मनगटातून रक्त घेतो. दोन बोटं ठेवून नाडी शोधायची, ४५ अंशांत सुई घालायची. शाळेत 'रोहिणी' आणि 'नीला' शिकलात ना? ही रोहिणी. ती लागली की सिरिंजचा दट्ट्या ओढावा लागत नाही, रक्त आपल्या दाबाने वर चढतं, ठोक्याठोक्याने. पहिल्यांदा ते चढताना बघितलं तेव्हा मी पेशंटला "थँक यू" म्हणाले, आणि तो म्हातारा कळवळत असूनही हसला. हे माझं 'तीन फोन' होतं. पण याच कामात कोड ब्ल्यू (हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठीची धावपळ) आहे, रात्री तीनला व्हेंटिलेटर काढताना बाजूला उभे असलेले नातेवाईक आहेत. ज्याला ते पेलतं त्यानेच यावं. तुम्ही त्या लॅबसमोर थांबलात असं काही लिहिलं नाहीत, म्हणून माझ्या पेशाची भरती मी इथे थांबवते.

तेव्हा रेडिओग्राफी. तुम्ही जे बघत होतात ते बहुधा हाताचं साधं पोझिशनिंग असेल: तळवा सपाट, बोटं मोकळी, किरणांचा मध्य मधल्या बोटाच्या बुडाच्या सांध्यावर. मग तोच हात ४५ अंशांत वळवून दुसरा फोटो. मनगटात आठ हाडं, आणि त्यांतल्या एकाला गेलेली चीर एका कोनातून दिसत नाही, दुसऱ्यातून दिसते. क्यूसी लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला हे ओढून घेतं यात मला काही नवल वाटत नाही.

आता त्याची दुसरी बाजू. टेबलावर येणारा पेशंट प्लॅस्टिकचा नसतो. तो १२० किलोंचा असतो, मांडीचं हाड मोडलेलं असतं, आणि त्याला न दुखवता खाली प्लेट सरकवायची असते. ऑपरेशन थिएटरात शिशाचा एप्रन चढवून दोन-दोन तास उभं राहायचं. पोर्टेबल मशीन घेऊन पहाटे आयसीयूच्या खाटा फिरायच्या. "दीर्घ श्वास घ्या, धरा... सोडा" हे दिवसातून साठ वेळा म्हणायचं, साठाव्यांदाही पहिल्यांदा म्हटल्यासारखं. कंबर जपा, आजपासूनच जपा. त्या बदल्यात हा पेशा असा आहे जिथे मूळ प्रमाणपत्रावर पुढे सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी असे मजले चढवता येतात, नोकरी चालू ठेवून. पन्नाशीत पोर्टेबल ढकलणं नको झालं तर मॅमोग्राफीच्या शांत खोलीत बसता येतं. ३९व्या वर्षी सुरू करणाऱ्या माणसाने हा हिशेब करायलाच हवा.

माझं मत विचारलंत म्हणून: रेडिओग्राफी. पण लगेच अर्ज भरायला धावू नका, कारण 'दोन वर्षांचा कोर्स' हे शब्द फसवे आहेत.

खरा प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी काही विषय पूर्ण करावे लागतात: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग प्रयोगशाळेसकट, गणित, इंग्रजी, बऱ्याच ठिकाणी मेडिकल टर्मिनॉलॉजी. त्यांतल्या मार्कांवर, आणि काही कॉलेजांत टीज नावाच्या प्रवेश परीक्षेवर, निवड होते. जागा मोजक्या असतात, कारण हॉस्पिटलं एका वेळी मोजकेच विद्यार्थी घेतात. ॲनाटॉमीत सी ग्रेड मिळाला तर तुम्ही पास, पण रांगेत शेवटच्या. मग २४ महिन्यांचा प्रोग्रॅम, उन्हाळ्यासकट. हे 'उन्हाळ्यासकट' दोनदा वाचा. सलग दोन वर्षं जून-जुलैमध्ये तुम्ही क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाला, असाल. मुलांना घेऊन सांगलीला आंब्याच्या दिवसांत जाणं नाही, भाच्याच्या मुंजीला दोन आठवडे नाही. क्लिनिकलचे तास सहज हजाराच्या पुढे जातात, एकाही तासाचा पगार नाही, आणि गैरहजेरी भरून द्यावी लागते. आणखी एक: बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एका विषयात पासिंगच्या खाली गेलात तर ते सेमिस्टर नव्हे, अख्खं वर्ष जातं, कारण तो विषय वर्षातून एकदाच असतो.

म्हणून एकच करा. येत्या सेमिस्टरला फक्त ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग घ्या, संध्याकाळचा. एवढाच. नोकरी सोडायची नाही (तुमच्याकडे ती नाहीच), घर उलटंपालटं करायचं नाही. चार महिन्यांत तुम्हाला कळेल की रात्री साडेनऊला मुलं झोपल्यावर हाडांच्या खाचखळग्यांची नावं पाठ करताना मजा येते की रडू येतं. रडू आलं तर एका विषयाच्या फीवर सुटलात. मजा आली तर तोच विषय तिन्ही कोर्सना चालतो, फुकट जात नाही.

कॉलेज निवडताना बघायची गोष्ट म्हणजे प्रोग्रॅमची मान्यता, आणि ती कॉलेजच्या मान्यतेपेक्षा वेगळी असते. रेडिओग्राफीला जेआरसीईआरटीची, रेस्पिरेटरीला कोआर्कची, डेंटल हायजीनला कोडाची. जेआरसीईआरटी मान्य प्रोग्रॅमला तीन आकडे जाहीर करावे लागतात: परीक्षेत पहिल्या झटक्यात किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी पूर्ण केलं. इन्फो सेशनमध्ये पहिला आकडा पडद्यावर मोठ्ठा दाखवतात. तुम्ही तिसरा विचारा. वीस घेऊन अकरा बाहेर काढणाऱ्यांचे अकराही पास होतातच. आणि रस्त्यावरच्या फलकांवर "नऊ महिन्यांत मेडिकल इमेजिंग" लिहिणाऱ्या नफेखोर संस्थांपासून चार हात लांब. तिथली फी कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट असते.

फीबद्दल न्यू जर्सीतली एक सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तुमच्या काउंटीच्या कॉलेजात हवा तो प्रोग्रॅम नसेल आणि शेजारच्या काउंटीत असेल, तर 'चार्जबॅक'चा अर्ज करून फरकाची रक्कम आपल्या काउंटीकडून भरून घेता येते. एच-४ वाल्यांना स्थानिक दर लावायचा की नाही हे कॉलेजवर असतं. रजिस्ट्रारकडे तोंडी विचारू नका, ईमेलवर लेखी घ्या. सरकारी पेल ग्रँट मात्र विसरा. ती एच-४ ला मिळत नाही, आणि उद्या ग्रीन कार्ड आलं तरी तुमची भारतातली बॅचलर्स आड येईल, कारण ती पहिल्या बॅचलर्सपर्यंतच असते. हे लिहिताना मलाही हसू येतं: त्या बी.एस्सी.ची जिथे किंमत नको तिथे ती पुरेपूर धरतात.

जिथे किंमत हवी तिथे? थोडीशी आहे. परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांची नॅसेस ही संघटना आहे, तिच्या सदस्य संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घेतलंत तर इंग्रजी, गणित, एखादा सामाजिक विषय माफ होऊ शकतो. विज्ञानाचे विषय बहुतेक नाहीत, कारण पुष्कळ कॉलेजं ते गेल्या पाच-सात वर्षांतलेच मागतात आणि तुमचे २००७ चे आहेत. मूल्यमापनाला विद्यापीठाकडून थेट ट्रान्सक्रिप्ट जावी लागते. तुमचं विद्यापीठ शिवाजी असेल तर कुणाला तरी सांगलीहून कोल्हापूरला खेपा घालाव्या लागतील, आणि ते काम एका खेपेत होत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. भाऊ असेल तर त्याला आत्ताच मस्का लावा.

ईएडीबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. एच-४ वर शिकायला परवानगी लागत नाही, तेवढं निश्चिंत राहा. पण एच-४ चं ईएडी २०१५च्या मे महिन्यात एका नियमाने सुरू झालं, संसदेच्या कायद्याने नाही, आणि तेव्हापासून त्याच्यावर कोर्टकज्जे आणि राजकारण होत आलं आहे. तुम्ही आज सुरू केलंत तर नोकरीला लागायला तीन-साडेतीन वर्षं. तोवर ते कार्ड असेल की नसेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. नसेल तर हॉस्पिटल एच-१बी, म्हणजे स्वतःचा नोकरीचा व्हिसा, देईल अशी आशा ठेवू नका. त्या व्हिसाला पदासाठी किमान बॅचलर्स लागावी लागते, आणि रेडिओग्राफरच्या पदाला असोसिएट पुरते. म्हणजे ही डिग्री तुम्हाला स्वतःच्या पायावर व्हिसा देत नाही. तुमची ग्रीन कार्डाची तारीख किती लांब आहे ते नवऱ्याबरोबर बसून बघा, इमिग्रेशन वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा, आणि मग ठरवा. आणि कधी परत जायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या की भारतातही २०२१ साली या पेशांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे. तासांचे, अभ्यासक्रमाचे सगळे कागद जपून ठेवा, तिथे मोजणी तासांत होते.

वयाचं विचारलंत. वर्गात वीस वर्षांची पोरं असतात, ती भराभर वाचतात आणि भराभर विसरतात. ते तुम्ही निभावाल. जड जातं ते वेगळंच. हॉस्पिटलात मला शिकवणारी माझी पहिली प्रीसेप्टर २६ वर्षांची होती. पावणेसातला पाळी बदलतानाच्या रिपोर्टला उभी राहिले, रात्रीच करून ठेवलेला पोळी-भाजीचा डबा बॅगेत, आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, "यू आर इन द वे." घरात ज्या बाईला विचारल्याशिवाय कुकर लागत नाही तिला कुणीतरी बाजूला हो म्हणतं, ते पचायला मला महिना लागला. तिचं काही चुकलं नव्हतं, मी खरंच मध्ये उभी होते.

इंग्रजीची भीती तुम्हाला आहे त्यापेक्षा कमी ठेवा आणि वेगळ्या जागी ठेवा. व्याकरणाने कुणाचं अडत नाही. आपलं अडतं 'व'पाशी. आपल्याला एकच व, त्यांना दोन. मी 'व्हेन' म्हणायचे तेव्हा ऐकणाऱ्याला शीर ऐकू येत नव्हती, 'केव्हा' ऐकू यायचं. नीला म्हणता आली असती तर! पण दुसऱ्या बाजूने मराठी माध्यमाने मला हात दिला. वायुकोश, श्वासपटल, स्वादुपिंड: या शब्दांत अवयवाचं काम किंवा रूप आधीच सांगितलेलं आहे. माझ्या फ्लॅशकार्डवर पुढे इंग्रजी, मागे मराठी होतं. वर्गातल्या एका ग्रीक मुलीने एकदा विचारलं काय लिहिलंय, आणि मग कळलं की तिला निम्मी नावं घरूनच येत होती. तिचा मला फार हेवा वाटला.

नवरोबांचा स्क्रम मास्टर. ते तुमच्या भल्याचंच सांगताहेत, आणि चार महिने विरुद्ध तीन वर्षं हा हिशेब कुणालाही दिसतो. त्यांना एवढंच विचारा की कलीगच्या बायकोच्या रेझ्युमेवर किती वर्षांचा अनुभव लिहिला होता, आणि तो कुणी लिहून दिला होता. आपल्याकडच्या काही कन्सल्टन्सी कोर्सच्या फीमध्ये आठ वर्षांचा अनुभवही छापून देतात. ईएडीवर बसलेल्या माणसाने खोट्या कागदावर सही करणं किती महागात पडू शकतं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळेल. तो कोर्स सरळमार्गी असेल आणि तुम्हाला मीटिंगा चालवायला आवडत असतील तर जरूर करा. पण तुमच्या पत्रात मीटिंगचा म सुद्धा नाही.

राहिली कागदपत्रं, ज्यांत आपली माणसं हमखास अडकतात. क्लिनिकलच्या आधी लसींचे पुरावे लागतात. गोवर, कांजिण्यांचे बालपणीचे कागद आपल्याकडे कुणाकडेच नसतात, त्यासाठी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून मिळते. हेपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिने घेतात, तेव्हा नसतील तर आत्ताच सुरू करा. आणि टीबी. तुमच्या दंडावर बीसीजीचा वण असेल. त्यामुळे कातडीवरची चाचणी फुगून येऊ शकते, मग छातीचा फोटो, मग विचारपूस, मग क्लिनिकलचा पहिला आठवडा गेला. सुरुवातीलाच "मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी करा" असं सांगा. तिला बीसीजीने फरक पडत नाही. माझा एक आठवडा असाच गेला होता, म्हणून एवढं तपशिलात.

प्रोग्रॅममध्ये गेल्यावर तुम्हाला शिशाच्या दोन छोट्या खुणा मिळतील, एक डाव्या बाजूची, एक उजव्या. त्यांवर ज्याची त्याची आद्याक्षरं असतात, आणि काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ती उमटतात. आईंना पहिला नमुना तोच पाठवा, पेशंटचा नाही, लॅबमधल्या प्लॅस्टिकच्या हाताचा. आणि कॉलेजचं पुढचं इन्फो सेशन कधी आहे बघून ठेवा. या खेपेला नवऱ्याला पार्किंगमध्ये थांबवू नका, आत न्या.

– तुमची ताई